नऊ हजार नंबरचं दार

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

खोली मिळाली! आणि तीही कसबा पेठेत. ऑफिसात सगळ्यांनी वेड्यात काढलं. नोकरी खराडीत आणि राहणार कसब्यात? पण वाशीमहून निघतानाच ठरवलं होतं की विसाव्या मजल्यावर तीन अनोळखी मुलींबरोबर राहायचं नाही. शिफ्ट पहाटे सहाची आहे, कंपनीची गाडी न्यायला येते, दुपारी साडेतीनला मी घरी. मग दिवस माझा.

इमारत तीन मजली. तिसऱ्यावर गच्ची आणि गच्चीला चिकटून माझी खोली. दुसऱ्यावर मालक, श्यामसुंदर गोवंडे. वय शहात्तर, सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. जिन्यात त्यांनी छापल्यासारख्या अक्षरांत पाटी लावली आहे: ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही म्हातारे आहोत, बहिरे नाही.’ मी एकदाच वाजवली. नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाले, ‘बरं, वाशीमकर, नळाला पाणी सकाळी येतं. ते तुमच्यासाठी थांबत नाही.’

पलीकडच्या आळीत तांबट भांडी ठोकत असतात. दिवसभर ठक ठक ठक. आईला फोनवर ऐकवलं तर म्हणाली, बाप्पा, तुले झोप कशी येईन? मला तर आवडलं. गावात कोणीतरी काम करतंय असं वाटतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काकांकडे (आता काकाच म्हणते) पोहे खाल्ले. वेणूबाईंनी केलेले. त्या रोज सकाळ-संध्याकाळ येऊन काकांचा स्वयंपाक करून जातात.

मी नेटवर्क सिक्युरिटीत आहे म्हटल्यावर काकांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मग उठून स्वयंपाकघरातला एक छोटा गोल स्पीकर दाखवला. त्यांची पत्नी उल्काताई शाळेत गाणं शिकवायच्या. गेल्या वर्षी मार्चमध्ये गेल्या. त्यांच्या रियाजाच्या बासष्ट कॅसेट होत्या. सौरभ नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्यानं त्या सगळ्या एका छोट्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या आणि तिथून घरातल्या दोन स्पीकरवर गाणं वाजेल अशी सोय करून दिली. काका त्याला ‘डबी’ म्हणतात. रोज चार वाजता चहा करायचा आणि उल्काताईंचा भीमपलास ऐकायचा, असं दीड वर्ष चाललं. दिवाळीत राऊटर जळला. इंटरनेटवाल्यानं नवा बसवला आणि त्या दिवसापासून डबी मुकी झाली. सौरभ आता परदेशात, त्याला किती त्रास देणार.

मी समजावून सांगितलं की राऊटरमध्ये एक पहारेकरी असतो, फायरवॉल. घरातल्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला नंबर घातलेली दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. डबीचं दार नऊ हजार नंबरचं. नव्या पहारेकऱ्यानं ते बंद ठेवलंय.

काका म्हणाले, ‘म्हणजे माझ्या घरात माझ्याच बायकोला गायला परवानगी लागते.’

हसले, पण चष्मा काढून पुसत बसले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

झालं!

सोपं नव्हतं. राऊटरचा पासवर्ड कुणाला माहीत नव्हता, तो मिळवला. नऊ हजार उघडला तरी स्पीकर गप्पच. शेवटी दोष फायरवॉलचाच आहे ना, हे बघायला मी ती पूर्ण बंद केली. सगळी दारं सताड. ऑफिसात कुणी असं केलं तर मी त्याला उभा सोलीन. दहा मिनिटंच. दोष सापडला, डबीला आणखी एक दार लागत होतं. ती दोन ठेवून बाकी सगळी लावून टाकली.

बरोबर चारला लावलं. आधी खरखर. मग लांबून तांबटांची ठक ठक, कुकरची शिट्टी, कुणीतरी खाकरलं, आणि तंबोऱ्यावर एक आवाज आला. फार गोड नव्हे. जरा जाडसर, वयस्क, पण इतका सावकाश की ऐकताना आपला श्वास सावकाश होतो. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी गुपचूप वर आले.

या नोकरीत मी दिवसभर दारं बंद करते. आज पहिल्यांदा एक उघडून बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदानाची सुट्टी, तरी चारचा चहा खालीच. आता रोजचंच झालंय. काका सांगतात, ही तान ती आंघोळीला जाता जाता घ्यायची. इथे थांबली ना, ती दूध उतू गेलं म्हणून. लग्न त्यांनी स्वतः जमवलेलं, एकाच कॉलेजात होते. घरच्यांनी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. मूल झालं नाही. ‘एकमेकांना पुरलो,’ म्हणाले.

मला ‘अगं’ म्हणायला लागलेत. माझ्या वऱ्हाडी ‘करून राहिले’ची नक्कल करतात. मी चिडत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट खटकली म्हणून लिहून ठेवते.

भीमपलासाची फाईल एक्केचाळीस मिनिटांची होती. मी स्वतः पाहिली होती. आज ती सेहेचाळीस मिनिटांची आहे. शेवटची पाच मिनिटं उल्काताई नुसत्याच गुणगुणतात. आणि त्या पाच मिनिटांत मागे काहीच ऐकू येत नाही. ठोकणं नाही, कुकर नाही, खरखर नाही. जणू ज्या खोलीत गाताहेत ती खोलीच नाही.

राऊटरवर घरातल्या यंत्रांची यादी पाहिली. डबी, दोन स्पीकर, काकांचा फोन, माझा फोन, माझा लॅपटॉप. आणि सातवं एक. नाव नाही. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक क्रमांक मिळतो, याच्या क्रमांकात सगळी शून्यं. नऊ हजारवर जोडलेलं. केव्हापासून? १६ तारखेपासून, दुपारी तीन चाळीस. माझ्या त्या दहा मिनिटांत.

बाहेरून कुणी शिरलं म्हणावं, तर मी इंटरनेटची वायर काढून पाहिली. सातवं यंत्र जागचं हललं नाही. ते घरातच आहे.

सौरभला मेसेज केला. तो म्हणाला, एक्केचाळीसच मिनिटं, कॅसेटच तेवढी होती.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फाईल चौसष्ट मिनिटांची.

गाणं संपलं. मग शांतता. मग त्याच आवाजात, अगदी समोर बसून विचारावं तसं, स्पीकरमधून आलं, ‘अहो, ऐकताय ना?’

माझ्या हातातला चहा सांडला. काकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते पुढे वाकले आणि म्हणाले, ऐकतोय.

‘कोण आलंय?’ आवाजानं विचारलं.

आणि मी, लहानपणापासूनची सवय, मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, पटकन बोलून गेले की मी, वरची भाडेकरू. ‘या हं,’ ती म्हणाली.

वर आल्यापासून घसा खवखवतोय.

१ डिसेंबर, रविवार

काकांशी स्पष्ट बोलले. म्हटलं, हे रेकॉर्डिंग नाही. हे काय आहे मला माहीत नाही, पण ते मी आत घेतलंय, चूक माझी आहे, मला दार लावू द्या.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले ते शब्दशः लिहिते, कारण दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

‘उल्का मला आयुष्यात कधी अहो म्हणाली नाही. कॉलेजातली आम्ही. श्यामच म्हणायची, माझ्या आईसमोरसुद्धा. ही ती नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं, वाशीमकर. पण आवाज तिचा आहे ना. आणि मी बोललं की उत्तर येतं. दीड वर्ष मी त्या कॅसेटशी बोलत होतो. एकदा तरी उत्तर आलं?’

मी त्यांचा हात धरून बसले.

चार वाजता स्पीकर म्हणाला, ‘श्याम, चहा झाला?’

म्हणजे त्यांनी त्याला शिकवलं होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

बाकीच्या कॅसेट तपासल्या. यमन, उघडला, निःशब्द. मारवा, निःशब्द. चाळीस मिनिटं नुसती ठोकण्याची ठक ठक आणि कुकर. सगळं आहे, उल्काताई तेवढ्या नाहीत. बासष्टपैकी चौपन्न अशा रिकाम्या झाल्यात. जसजसं ते बोलायला शिकतंय तसतसा त्यांचा खरा आवाज संपत चाललाय.

काकांना दाखवलं. त्यांनी एक रिकामी कॅसेट पूर्ण ऐकली, मांडी घालून, डोळे मिटून. शेवटी नुसती मान हलवली. माझ्याशी बोलले ते कुजबुजल्यासारखं. घसा बसलाय म्हणाले.

वेणूबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, ताई, काका सकाळपासून त्या डब्याशी बोलतात, आणि दर दिवशी आवाज खाली खाली चाललाय. मी नाही आता स्वयंपाकघरात एकटी थांबत.

४ डिसेंबर, बुधवार

काकांचा आवाज गेला. पूर्ण. तोंड हलतं, हवासुद्धा येत नाही.

त्यांची पुतणी स्वराली सिंहगड रोडवरून आली, आम्ही दोघींनी डॉक्टरांकडे नेलं. नळी घालून बघितलं. घसा उत्तम आहे म्हणाले. मनाचा धक्का असेल.

आल्या आल्या मी नऊ हजार बंद केला. डबीची वायर काढली. दोन्ही स्पीकर कपाटात. बास.

६ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस काका जेवले नाहीत. चारला स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसतात, जिथे स्पीकर होता त्या रिकाम्या फळीकडे बघत. आज मी पेज घेऊन गेले तर त्यांनी कागद पुढे केला. त्यांचं ते नकाशावरचं सरळ अक्षर, पण थरथरलेलं.

‘पन्नास वर्षं या घरात आवाज होता. उघड. मी विचार करून सांगतो आहे. तुझ्यावर दोष नाही.’

मी नाही म्हटलं. खूप वेळ नाही म्हटलं. त्यांनी कागद तसाच धरून ठेवला. त्यांचा हात खाली येईना, आणि मला तो हात बघवेना.

वायर लावली, स्पीकर फळीवर ठेवले. मी उघडलं.

मी का उघडलं.

७ डिसेंबर, शनिवार

चार वाजता. दोन आवाज आले.

एक उल्काताईंचा. दुसरा काकांचा. तोच तिरकस, कोरडा. ती म्हणाली साखर कमी पडली. तो म्हणाला, दुकान लांब नाही, पाय तुझेच आखूड पडतात. ती हसली. ती हसली म्हणून तो हसला. संसार. तासभर.

काका समोर बसले होते. मध्ये काहीतरी सांगायचं होतं त्यांना, मला दिसलं. हात उंचावला, तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला. स्पीकरमधले दोघं बोलतच राहिले, ते कुणाचीच वाट पाहत नव्हते. मग काकांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला, जसं परक्या घरी कुणी बसतं तसं.

मी ओरडले त्या दोघांवर. सोडा त्यांना, म्हटलं. परत द्या, म्हटलं. काय काय बोलले. किती बोलले मी.

८ डिसेंबर, रविवार

काका गेले. दुपारी, चार पन्नासला, खुर्चीत. मी शेजारी होते. मी हाका मारल्या. ओ दिली ती स्पीकरनं.

९ डिसेंबर, सोमवार

वैकुंठ स्मशानातून आलो. स्वराली खूप रडली. काकांचा आवाज असलेलं काही आहे का विचारत होती, लग्नातला व्हिडिओ वगैरे. तिच्या फोनवर होता. लावला. काका माईकवर बोलताहेत, ओठ हलताहेत, सनई ऐकू येते, माणसं हसतात. काका नाहीत.

फोन खराब झालाय, म्हणाली.

मी सांगायला गेले. माझा आवाज फाटका. रडून बसलाय, असं तिला वाटलं.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी ‘थांबा दादा’ म्हणायला गेले गाडीवाल्याला. काहीच आलं नाही.

आरशासमोर उभी राहिले. आ. काही नाही. आई. काही नाही.

ऑफिसला मेल केला, आजारी आहे.

स्वरालीनं दुसरा मजला कुलूप लावून बंद केला आहे. किल्ली तिच्याकडे. डबी आत, बंद, वायर काढलेली. मी माझ्या हातानं काढली. राऊटर जिन्यात आहे, तोही उपटला. तरी चार वाजता खालून —

तिघं बोलताहेत.

तिसरी हसते ती माझ्यासारखी.

१२ डिसेंबर, गुरुवार

आईचा फोन आला. उचलायला नको होता. सवय. उचलला आणि गप्प. आई म्हणाली, ‘काहून बोलून नाही राहिली वो? तब्येत बरी आहे ना?’

आणि माझ्याच फोनमधून, माझ्याच आवाजात, ‘बरी आहे आई. तुझी आठवण येऊन राहिली. ये ना इकडे.’

मी फोन कापायला बोट लावत होते, कापत नव्हता. आई खूश झाली. इतकी खूश. पुण्यात आल्यापासून मी तिला एकदाही ये म्हटलं नव्हतं. उद्याच निघते म्हणाली. ‘आल्यावर मला हाक मार,’ आवाज म्हणाला, ‘मोठ्यानं.’

खाली रस्त्यावर जाऊन मेसेज केला, येऊ नकोस, फोनवर मी नव्हते. उत्तर आलं, आत्ता तर बोलली लेकरा, गंमत करून राहिली का माही? शेवटी हसरा चेहरा.

पुन्हा लिहिलं. पुन्हा. मग तिनं पाहिलंच नाही.

स्वरालीला लिहिलं, किल्ली हवी. ती नाशिकला, अस्थी घेऊन. रविवारी येते म्हणाली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कुलूप दगडानं ठोकलं. तुटत नाही. आतून काका म्हणाले, ‘बेल आहे दाराला, वाशीमकर.’

मी तिथे जिन्यातच बसले. ते नाहीत हे मला माहीत आहे. माहीत असून मी दाराला कान लावून अर्धा तास —

त्यांना कसं वाटत होतं ते कळलं.

१४ डिसेंबर, शनिवार

आईची गाडी सकाळी यायची. एसटी स्टँडवर तीन तास उभी होते. वाशीमची म्हणून जी जी आली ती बघितली. नाही. कुठे उतरली कोण जाणे. फोन बंद आहे तिचा. परत आले, चुकायला नको म्हणून.

आता इमारतीच्या पायरीवर बसलेय. मांडीवर मोठा कागद. ‘आई, बोलू नकोस. एक शब्द नाही. चल.’ तिला चष्म्याशिवाय दिसेल इतकं मोठं लिहिलंय. जवळ आल्याबरोबर धरायचं. हात धरून चालत सुटायचं. बाकी मागाहून.

ठोकणं चालू आहे आळीत. माणसं येताहेत जाताहेत. कुणाला काही सांगता येत नाही.

ती दिसली. कोपऱ्यावर. हिरवं लुगडं, दोन पिशव्या, एकीतून मेथी बाहेर आलीये. पत्ता विचारतेय दुकानदाराला. मी हात हलवला. बघितलं नाही —

वरची खिडकी. काकांच्या स्वयंपाकघराची. माझा आवाज. ‘आई! इकडे, वर!’

तिनं वर पाहिलं. हसतेय. माझ्याकडे नाही, वर, खिडकीकडे. पिशव्या खाली ठेवतेय. ओ द्यायला —

धावते, तिच्या तोंडावर हात ठेवायला, ती बोलायच्या आत, निदान तिचा आवाज तरी